मास्तरांचा पाय

"चप्पल काढ," ते म्हणाले.

मी फियाटच्या ड्रायव्हर सीटवर पदर खोचून बसले होते. हात स्टिअरिंगवर ठेवावेत की मांडीवर, हेसुद्धा मला कळत नव्हतं.

"चप्पल कशाला काढायची?"

"पायाला कळाय पायजे खाली काय चाललंय ते. काढ."

त्यांनी स्वतःची चप्पल आधीच काढून ठेवली होती. हायस्कूलच्या पटांगणात सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. माणूस कुणी नव्हतं, एक गाय तेवढी गोलपोस्टला अंग घासत उभी होती. मी म्हटलं, आधी त्या गाईला हाकला. ते म्हणाले, ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे, आपणहून बाजूला होईल.

हे माझे यजमान, महादेव मगदूम. गडहिंग्लजात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे मास्तर. आमच्या फियाटला डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवून घेतलेले होते. शिकणारा उजवीकडे बसायचा, मास्तर डावीकडे, आणि त्यांचा अनवाणी उजवा पाय सतत त्या जादा ब्रेकवर. शिकणाऱ्याचं काही चुकलं की तो पाय दाबला जायचा आणि गाडी जागच्या जागी उभी राहायची. कचेरीतले कारकून, डॉक्टरांच्या बायका, मठातले एक स्वामीसुद्धा त्या पायाच्या भरवशावर गाडी शिकले. त्या पायाला इतकी सवय लागली होती की एस.टी.त पुढच्या बाकावर बसले तरी वळण आलं की मास्तर खालचा पत्रा दाबायचे. कंडक्टर हसायचे.

अख्खं गाव शिकलं, बायको तेवढी राहिली. लग्न नवं होतं तेव्हा त्यांनी हौसेनं मला याच पटांगणात आणलं होतं. माझ्या हातून गाडी सारखी बंद पडत राहिली आणि शेवटी ते आपल्या दोन शागिर्दांसमोर माझ्यावर ओरडले. मी दार उघडलं, उतरले आणि चालत घरी गेले. पुढं पल्लवी झाली, वाढली, लग्न होऊन पुण्याला गेली, तरी मी त्या सीटवर पुन्हा बसले नाही. हट्टाला मीही कमी नव्हते.

पण त्या वर्षी पाऊस सरता सरता त्यांचा उजवा पाय ओढायला लागला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नसांचा आजार आहे म्हणून सांगितलं, त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि महिन्याच्या महिन्याला दाखवायला बोलावलं. बरा होईल ना, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, काळजी घ्यायची. शिकवणी बंद झाली. एस.टी.च्या पायऱ्या चढताना मी त्यांना मागून आधार द्यायची. ते ओशाळायचे.

त्याच सुमारास पल्लवी नवऱ्याबरोबर परदेशी निघाली होती. दिवाळीला आली ती आपली नवी छोटी गाडी घेऊनच. म्हणाली, ही आता इथंच राहू दे, बाबांना कोल्हापूरला न्यायला उपयोगी पडेल. लालभडक, आटोपशीर, मागं डिकी कापून टाकल्यासारखी गाडी. अंगणात फियाटच्या शेजारी लावल्यावर ती थोरल्या जाऊबाईंपाशी नवी सून उभी राहावी तशी दिसत होती. मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, डबी.

पल्लवीनं आम्हाला त्या गाडीतून आजऱ्यापर्यंत फिरवून आणलं. आत गारवा काय, बटण दाबलं की काच खाली काय, मी मागं बसून हरखून गेले होते. एका वळणावर दोन सीटच्या मधून मी सवयीनं मास्तरांच्या पायाकडे बघितलं. पाय चटईवर स्वस्थ पडला होता. मी थट्टा केली, लेकीवर बराच विश्वास दिसतोय, आमच्या वाट्याला कधी आला नाही तो. ते हसले आणि बाहेर बघायला लागले.

पल्लवी गेल्यावर प्रश्न उभा राहिला की गाडी चालवणार कोण. मला वाटलं होतं, त्यात काय, गावभर त्यांचे शागीर्द पडलेत, कुणीही येईल. मी तसं म्हटल्यावर ते बराच वेळ सुपारी कातरत बसले.

"एकदा येतील. दोनदा येतील," ते म्हणाले. "पुढं त्यास्नी पण घरदार हाय की."

"मग?"

"तू शिकायचीस."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, डबीवर नको, फियाटवर शीक, तिथं माझा ब्रेक आहे. मी त्यांच्या पायाकडे बघितलं. ते म्हणाले, चालताना ओढतो, पण दाबायला काही धाड भरलेली नाही त्याला. म्हणून मी त्या सकाळी चप्पल काढून पटांगणात बसले होते. गाय खरंच आपणहून बाजूला झाली.

फियाट म्हणजे अंगमेहनतीचं काम होतं. स्टिअरिंग जड, वळवताना जात्यावर दळायला बसल्यासारखं वाटायचं. गिअरही स्टिअरिंगच्या दांडीलाच, तो आपल्याकडे ओढून वर घ्यायचा की खाली, यात माझी पहिल्या दिवसांत गल्लत व्हायची. सकाळी चोक ओढून तिला उठवायचं, मग ती खोकायची, मग लागायची. संध्याकाळी माझे खांदे भरून यायचे आणि मी कुरकुर करायची, की डबीवर शिकवा की, तिचं स्टिअरिंग एका बोटानं फिरतं.

"फियाट बोलती," ते म्हणायचे. "गिअर चुकला की कण्हती, पळवलीस की तक्रार करती. कान दिलास की झालं. ती डबी मुकी हाय. तिच्यात काय चुकलं ते चुकून गेल्यावर कळतं."

"पण आत गार तरी वाटतं."

"गार वाटून गाडी थांबती व्हय?"

या वेळी ते एकदाही ओरडले नाहीत. गाडी बंद पडली की खिडकीबाहेर बघत बसायचे. मला ते खटकायला लागलं. मी म्हटलं, ओरडा की, तुम्ही गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते. त्यावर म्हणाले, एकदा ओरडून बघितलं होतं, बायको चालत गेली. आम्ही दोघं इतके हसलो की गाडी पुन्हा बंद पडली.

ते दिवस चांगले होते, हे मी खोटं सांगणार नाही. संसारात ते सदा दुसऱ्यांच्या शेजारी बसलेले, आणि मी घरात. आता रोज सकाळी ते माझ्या शेजारी बसत होते. आधी पटांगण, मग बऱ्याच दिवसांनी मागचा रिकामा रस्ता, मग बाजारपेठ, मग संकेश्वरचा रस्ता. चुकलं तरी मी घाबरत नव्हते, कारण खाली त्यांचा पाय होता.

उसाचा हंगाम ऐन भरात होता. संकेश्वरच्या रस्त्याला एका बोळातून उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर एकदम आडवा आला. गाण्यांचा कर्णा एवढा मोठा लावलेला, की त्याला आमचा हॉर्न ऐकूच गेला नसता. माझ्या डोळ्यांपुढं नुसता ऊस दिसला. पुढच्या क्षणी फियाट थांबली होती आणि उसाची पाती समोरच्या काचेवर घासत होती.

मी सीटवर मागं पडले. बरं झालं तुम्ही दाबलात, असं मी त्यांना म्हटलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तो पुसत ते म्हणाले, "हं. बघून चालव."

त्या दिवसानंतर माझी भीती मोडली. अशा प्रसंगातही तो पाय चुकला नाही म्हटल्यावर मला कशाचीच काळजी राहिली नाही. मला लायसन मिळालं. बाजारात बायका वळून बघायच्या आणि मी मान ताठ करून हॉर्न वाजवायची, गरज नसतानाही.

आणि मग मी डबीत बसले.

आत सगळं गुळगुळीत होतं. किल्ली फिरवली तर इंजिन लागलं की नाही तेच कळेना. गिअर खाली मांडीशी. मास्तर डावीकडे बसले होते. मी त्यांच्या पायांकडे बघितलं, तिथं नुसती चटई होती. पटांगणात चार हात गेले आणि एक कुत्रं लांबून येताना दिसलं तर मी स्टिअरिंग सोडून डोळे झाकले. गाडी आचके देऊन बंद पडली.

"इथं तुमचा पाय न्हाई," मी म्हटलं.

"माझ्या पायाचं काय घेऊन बसलीस? तुझं दोन हायत की."

मला नाही जमलं. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यातही नाही. ज्या रस्त्यानं मी फियाट गाणं गुणगुणत नेत होते, त्याच रस्त्याला डबीत बसले की मला घाम फुटायचा. सरळ आहे, आपण फियाटनंच कोल्हापूरला जाऊ, असं मी जाहीर करून टाकलं. पण तोवर त्यांचं दुखणं वर चढत चाललं होतं. एस.टी.ची पायरी तर आता त्यांना चढवतच नव्हती. चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरायला लागले होते. जेवता जेवता मान एका बाजूला कलायची आणि ती सरळ करायला ते हनुवटीखाली हात धरायचे. फियाटच्या सीटची पाठ खांद्यापर्यंतच होती, वर डोकं टेकायला काही नाही. संकेश्वरपर्यंत एकदा नेऊन बघितलं तर खड्ड्याखड्ड्याला त्यांची मान हिंदकळत होती, आणि शेवटी मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर धरून बसले. डबीची सीट मागं कलायची, डोक्याला उशी होती. न्यायचं तर डबीतूनच न्यायला हवं होतं, आणि ती मला चालवता येत नव्हती.

डॉक्टरांकडे जायचं दोन दिवसांवर आलं. दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि काठी टेकत फियाटपाशी गेले. आत आपल्या जागेवर बसले. मला म्हणाले, बस. किल्ली नको, खाली बघ.

त्यांनी दोन्ही हातांनी आपली उजवी मांडी उचलली, एखादी वस्तू उचलावी तशी, आणि पाऊल ब्रेकवर नेऊन ठेवलं.

"आता दाबतोय बघ," ते म्हणाले.

मी बघत राहिले. त्यांचा जबडा आवळला गेला, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. पायडल हललं नाही. पाऊल घसरून खाली पडलं. त्यांनी ते पुन्हा उचलून ठेवलं, पुन्हा दाबलं. पायडल होतं तिथंच होतं.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या आधीपासनं."

मला आधी अर्थच लागला नाही. दसऱ्यानंतर दिवाळी, दिवाळीनंतर पल्लवी गेली, आणि त्यानंतर मी शिकायला बसले. मग लागला.

"म्हणजे तो ट्रॅक्टर..."

"तू थांबवलीस."

"आणि बाजारात, त्या पोराची सायकल आली तवा?"

"तूच. सगळीकडं तूच."

मी संतापले. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, दोघं मेलो असतो, रस्त्यात एखादं लेकरू आलं असतं म्हणजे? ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणून तर तुला लवकर बाहेर काढली न्हाई. तुझा पाय तयार झालेला मला दिसला, मग काढली. माणसाचा पाय मला दिसतो, शालन. जल्मभर तेवढंच बघितलंय."

"मग सांगायचं न्हाई का मला?"

"सांगितलं असतं तर बसली असतीस?"

नसते बसले. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. दुसऱ्या एखादीला आनंद झाला असता, की चला, आपण आपल्या बळावर शिकलो. मला तसलं काहीच वाटलं नाही. ज्या पायावर गाव शिकलं तो पाय कधीच गेला होता, आणि रोज सकाळी माझ्या शेजारी हसत बसून त्यांनी ते एकट्यानं सोसलं होतं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत राहिलं. मी वाकून त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं. ते गार होतं. मी ते पदरानं पुसत राहिले, पुसण्यासारखं त्याला काही लागलेलं नसताना.

"मी गेल्यावर कुणाच्या दारात उभं ऱ्हाऊन गाडी काढा म्हणायचं न्हाई," ते म्हणाले. "एवढ्याचसाठी केलं सगळं."

असलं बोलायचं नाही, असं मी त्यांना म्हटलं. मग आम्ही तिथंच बसून राहिलो, चहाची वेळ होईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबी बाहेर काढली. त्यांची सीट मागं कलवली, मानेशी उशी दिली, चप्पल काढून पायाशी ठेवली. संकेश्वर गेलं. हायवे लागला. तवंदीचा घाट उतरताना ते डोळे उघडे ठेवून समोर बघत होते, पण काही सांगत नव्हते. निपाणी मागं पडली तेव्हा मी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. बघितलं तर ते झोपले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना चालत्या गाडीत झोपलेलं पहिल्यांदाच बघितलं. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना हा माणूस डोळ्याला डोळा लागू देत नसे. मी वेग कमी केला. मागचे लोक हॉर्न वाजवून पुढं जात होते, जाऊ दिले. दवाखान्याच्या दारात मी त्यांना हलवून उठवलं.

"आलं कोल्हापूर?" ते म्हणाले, आणि मग स्वतःच चकित झाल्यासारखे, "झोपलो व्हय मी?"

अजूनही कुणीकुणी मला विचारतं, काकी, तुम्ही दोन्ही चालवल्यात, जुनी फियाट बरी की ती नवी? मी सांगते, शिकायला फियाट, झोपायला डबी. लोक हसतात. मीही हसते.

त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना परत जाऊ दिलं नाही. श्वास कमी पडतोय म्हणाले. आठवडाभरानं पहाटे ते गेले. पल्लवी तेव्हा विमानात होती. माझा पुतण्या प्रताप आणि त्यांचे जुने दोन शागीर्द धावत आले, त्यांनीच शववाहिका ठरवली, सगळं केलं. निघताना प्रतापनं माझ्यापुढं हात केला. "काकी, चावी द्या. गाडी मी आणतो, तुम्ही काकांजवळ बसा."

त्यांच्याजवळ बसायला हवं, हे मला कळत होतं. तिथं उभ्या असलेल्या बायकाही तेच म्हणत होत्या. पण त्यांनी एवढं करून माझ्या हातात दिलेलं पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या हातात द्यायला माझं मन तयार होईना. मी प्रतापला म्हटलं, तू बस त्यांच्याजवळ, मी मागून येते. शागिर्दांपैकी एकजण माझ्याबरोबर यायला निघाला. त्यालाही मी नको म्हटलं.

सगळा रस्ता मी शववाहिकेच्या मागं होते. रडू आलं नाही. तवंदीच्या घाटात चढाला एक ट्रक बंद पडून आडवा झाला होता. शववाहिकेला लोकांनी वाट करून दिली, ती पुढं निघून गेली, आणि मी मागं अडकले. पुढं ट्रक, पाठीला टँकर चिकटून उभा. भर चढावर उभी गाडी मागं न जाऊ देता उचलायची, यात मुरलेले ड्रायव्हरही घाबरतात. वाट मोकळी झाली. माझ्या पायांनी मला न विचारता क्लच हळूहळू सोडला, रेस दिली, आणि गाडी बोटभरही मागं न सरकता वर निघाली. इतकी छान गाडी मी कधीच उचलली नव्हती. मी डावीकडे वळून बघितलं.

सीट मागं कलवलेली होती, त्यांच्यासाठी कलवली तशीच.

तेव्हा मला रडू फुटलं. मी एकटीच त्या गाडीत मोठमोठ्यानं म्हणत सुटले, मला काही येत नाही हो, मला काही येत नाही. मला काही येत नव्हतं तोवर ते माझ्या शेजारी होते. मला गाडी आली आणि ते उठून गेले. त्या घाटात कुणी म्हटलं असतं, की शिकलेलं सगळं विसर, त्यांना परत आणतो, तर मी तिथल्या तिथं विसरले असते. पण पाय माझं ऐकेनात. डोळ्यांपुढं धड दिसत नव्हतं तरी ते आपलं काम बरोबर करत राहिले, आणि मी कुणाच्याही मदतीवाचून घरी पोचले.